माणसांची राखोळी

…तर सत्यभामाबाई शेळीवर बसली नव्हती, शेळीच सत्यभामाबाईवर बसली होती, हे आधी नीट ध्यानात घ्या. काल सांगण्याच्या भरात उलटंपालटं झालं आणि त्या गरीब म्हातारीची उगाच बदनामी झाली. थंडीचे दिवस, नुकतं उजाडलेलं. म्हातारी वाकळ पांघरून ओसरीवर निजलेली. शेळीला कुठं ऊब सापडली, तर म्हातारीच्या पोटावर, वाकळेच्या आत. कडूबाई अंगण झाडायला बाहेर आली तर वाकळेतून एक दाढी बाहेर डोकावतेय. तिला वाटलं, सुग्रीव म्हातारा इथं येऊन निजला! हातातला खराटा उगारून ती ओरडली, "ऊठ मेल्या, ह्या वयात लाजबिज हाय का न्हाई?" शेळी उठली, सत्यभामाबाई उठली, आणि पलीकडच्या खोलीतून खरा सुग्रीव डोळे चोळत बाहेर येऊन म्हणाला, "आता मी काय केलं गं माय?"

अशा गमती कडूबाईच्या अंगणात रोज दोन-तीन व्हायच्या. नऊ म्हातारी माणसं, तीन शेळ्या, चार मेंढरं आणि सगळ्यांना हाकणारी ती एकटी. वडवणीपासून आत सहा किलोमीटरवर मोरदरा नावाची वाडी आहे, तिथली ती. धनगराची लेक, धनगराचीच सून. तिच्या आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं. कडू घासाला काळसुद्धा तोंड लावत नाही म्हणे. नाव लागू पडलं. बासष्ट वर्षांची झाली तरी दाढा शाबूत, आणि आवाज असा की ह्या डोंगरावरून हाळी घातली तर त्या डोंगरावरची मेंढरं चरायची थांबतात. तिची एकुलती एक लेक नेकनूरला दिलेली. नवरा गेला, त्यामागून चाऱ्यापाण्याची दोन वर्षं वाईट गेली आणि शंभर मेंढरांची चार राहिली. शंभर राखणाऱ्या बाईला चार मेंढरांत करमायचं कसं?

पण मोरदऱ्यात राखायला माणसं होती. भाऊबीज झाली की ही वाडी रिकामी होते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. असे पस्तीस-चाळीस कोयते मुकादमाच्या ट्रॅक्टरवर चढून सांगली-कोल्हापुराकडं ऊस तोडायला जातात ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. मागं राहतात कुलपं, कुत्री आणि म्हातारी माणसं. सहा वर्षांमागं कडूबाईचं एक मेंढरू चुकून सत्यभामाबाईच्या घरात शिरलं. त्याला हुसकायला ती आत गेली तर म्हातारी तापानं फणफणलेली, दोन दिवस चूल नाही, रांजणात पाण्याचा थेंब नाही. कडूबाईनं तिला पाठीवर घेतलं आणि घरी आणलं. पुढच्या दिवाळीला सत्यभामाबाईचा लेक तोडीला जाण्याआधी आपण होऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "मावशी, आमच्या आईला राखोळीनं ठिवता का?"

त्यानं हसत हसत विचारलं होतं, पण शब्द चिकटला. राखोळी म्हणजे दुसऱ्याचं जनावर आपल्याकडं राखायला घेणं. ज्याच्याकडं जनावर आहे पण राखायला माणूस नाही, त्यानं ते धनगराच्या कळपात सोडायचं आणि वर्षाकाठी ठरलं असेल ते द्यायचं. ह्या कामाचे कायदे कुठं लिहिलेले नसतात, पण ते मोडायची कुणाची छाती नसते. जनावर मेलं तर राखणारानं त्याचा कान जपून ठेवायचा आणि मालक आला की दाखवायचा. म्हणजे विकून खाल्लं नाही याची खातरी. हा कायदा ठाऊक असल्यामुळं सुग्रीव म्हातारा दर दिवाळीला लेकाला ट्रॅक्टरवर बसवताना सांगायचा, "मी गेलो तर ही कडी तुला माजा कान दाखवंल बघ. डावा दाखवंल. तसंबी त्यानं मला ऐकू येत न्हवतं."

मोल कुणी बोललं नाही कधी. कुणी पायलीभर ज्वारी टाकून जायचं, कुणी दुभती शेळी बांधून जायचं, कुणी नुसताच पाया पडून जायचं. पाया पडणाऱ्याच्या आईला भाकरी लहान, असं कडूबाईच्या घरी नव्हतं. मात्र एक गोष्ट तिनं दोन वर्षांपूर्वी बंद केली होती. तेव्हा तिनं एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी घेतली होती. चार महिने तिला उचललं, धुतलं, कुशीवर वळवलं. म्हातारी सुखानं गेली, पण कडूबाईची कंबर तिच्यामागोमाग गेली. तेव्हापासून जो आपला आपण उठून परसाकडं जाईल आणि आपल्या हातानं घास खाईल, तोच तिच्या अंगणात.

आणि यंदा बजरंग आला.

बजरंगचा बाप धुळाजी. वय ऐंशीच्या घरात. मोरदऱ्यात त्याच्याएवढा मेंढरांचा जाणता दुसरा नव्हता. श्रावणात त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड एका बाजूला ओढलं. बीडच्या दवाखान्यात आठ दिवस काढले, त्यात घरचे होते नव्हते ते मेंढे गेले. माणूस वाचला, पण अंथरुणावर आला. गोळ्या चालू, तेलाचं मालीश चालू, डायपरचे पुडे चालू. बजरंगची बायको बबिता सासऱ्याचं सगळं करत होती, नाक न मुरडता करत होती. पण दिवाळी जवळ आली तसं दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. बबिता घरी थांबली तर बजरंगचा कोयता मोडला. एकट्या गड्याला मुकादम नेत नाही आणि त्याच्याकडून आगाऊ घेतलेली उचल तर धुळाजीच्या दवाखान्यात केव्हाच जिरलेली. शहरात म्हातारी माणसं सांभाळायला बाई मिळते असं कुणी सांगितलं म्हणून बजरंगनं बीडला फोन लावून विचारलं. महिन्याचा आकडा ऐकून तो बबिताला म्हणाला, "तिला कामाला ठिवण्यापरीस मीच तिच्याकडं कामाला जातो."

राहता राहिली एकच वाट. धुळाजीला ट्रॅक्टरवर घालायचं, तोडीला न्यायचं आणि उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत ठेवायचं. दोघं अंधारात फडात शिरणार ते दिवस मावळता परतणार. तोवर म्हातारा एकटा, भुईवर, गारठ्यात. फेब्रुवारी बघेल की नाही, हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

बजरंग कडूबाईच्या अंगणात येऊन खाली मान घालून बसला. तो काय मागणार हे तिला चपला वाजल्या तेव्हाच कळलं होतं.

"मावशी, अण्णाला घ्या की."

"बजरंगा, माजी कंबर बघ. मला उठाय-बसाय भिंत लागती. दांडगा गडी हाय तुजा बाप, त्येला मी उचलू कशी?"

"बबिता म्हणती, लई जड न्हाई ऱ्हायला आता."

त्या वाक्यानं तिच्या काळजाला ओरखडा आला. पण ती डगमगली तर तिची कंबर आणि नऊ माणसांची चूल दोन्ही बसणार होत्या. काहीतरी बोलून विषय मिटवावा म्हणून ती फटकन म्हणाली, "आरं, खांद्यावर घालून आणलेलं जनावर कुणी राखोळीला घेतंय व्हय? आपल्या पायानं आलं तर घेत्येत. जा."

बजरंग गेला. कडूबाईची त्या दिवशी दोन वेळा भाकरी करपली, आणि सुग्रीवनं नावं ठेवली म्हणून त्याला शिव्या खाव्या लागल्या.

आता खरी गंमत ऐका. बजरंगनं घरी जाऊन बापाला तेच शब्द सांगितले. कुणी शहाण्या माणसानं ते ऐकून म्हटलं असतं, बाईनं नाही म्हणून सांगितलं. धुळाजीनं तसं ऐकलंच नाही. त्याच्या लेखी तो राखोळीचा कायदा होता, आणि साठ वर्षं तो कायदा पाळलेला माणूस होता तो. आपल्या पायानं आलं तर घेतात. म्हणजे अट ठरली, सौदा झाला. त्यानं बबिताला जवळ बोलावलं आणि वाकड्या तोंडानं विचारलं, "दिस किती ऱ्हायले?"

"अकरा, मामंजी."

"उठव मला."

अकरा दिवस सून आणि सासरा घराच्या आत काय करत होते हे वाडीला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी तो नुसता बसला. चौथ्या दिवशी भिंतीला धरून उभा राहिला. उजवा पाय ओढावा लागायचा. बबितानं त्याला फडकं बांधलं आणि प्रत्येक पावलाला ती फडकं पुढं खेचायची. दोनदा दोघंही आडवे झाले. दुसऱ्यांदा पडल्यावर म्हातारा हसला आणि म्हणाला, "वासरू हाय मी. पायात आल्यावर बघ कसा उधळतो." बजरंगला वाटत होतं, बापाला बरं वाटायला लागलं. बापाला घेऊन तोडीला येतो, अशी खबरही त्यानं मुकादमाला देऊन टाकली.

निघायचा दिवस उजाडला. मारुतीच्या पारापुढं ट्रॅक्टर उभा. भांडी, पत्रे, कोंबड्या, पोरं, सगळं चढत होतं. मुकादम त्रिंबकराव घड्याळ बघून तोंडाचा पट्टा सोडत होते. कडूबाई अंगणात चुलीवर चहा ढवळत होती; मन थाऱ्यावर नव्हतं. आता बजरंग बापाला पाठुंगळी घेऊन ट्रॅक्टरकडं निघेल आणि ते आपल्याला बघावं लागेल, एवढंच तिच्या डोक्यात. तेवढ्यात सत्यभामाबाई ओरडली, "कडे! आगं, बाहीर बघ. धुळादा चालत येतोय!"

गल्लीच्या तोंडाशी धुळाजी उभा होता. डोक्याला पटका, धुतलेलं धोतर, डाव्या हातात काठी. एक पाऊल टाकायचा, मग फडक्यानं उजवा पाय ओढून घ्यायचा, मग दम खायचा. आता फडकं त्याच्याच दातात होतं. बबिताला त्यानं मागं ठेवलं होतं. बजरंग धावत आला, हात धरायला गेला, तर म्हातारा त्याच्यावर डाफरला. तोंडातलं फडकं पडलं.

"हात लावू नगस! राखोळीचं जनावर आपल्या पायानं यावं लागतंय. तिनं सांगितलंय."

हे कडूबाईच्या कानावर पडलं आणि हातातली पळी तशीच राहिली. आपण काय बोललो होतो आणि कुणी काय ऐकलं होतं, हे तिला तेव्हा उमगलं.

ट्रॅक्टरवरची माणसं खाली उतरली. सुग्रीव अंगणातून ओरडला, "आरं चल बे धुळ्या! कोल्ह्यापुढं पळतोस तसा चल!" धुळाजी हसला, त्यामुळं तोल गेला, काठीनं सावरला. फडक्यावाचून पाय तसाच घासत आणखी सात-आठ पावलं आला. मग हापशापाशी येऊन थांबला. पाय उचलेना. कडूबाईचं अंगण अजून बारा-पंधरा हात लांब होतं. त्यानं अंगणाकडं पाहिलं, आपल्या पायाकडं पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ऱ्हायलं थोडं," तो म्हणाला. "जरा थांब म्हणावं तिला. येतो."

कडूबाईच्या अंगणाला भिंत नाही. मेंढरं बसवायची जुनी जाळी, आम्ही तिला वाघूर म्हणतो आणि आतल्या जागेला वाडा, तीच खुंट्यांना बांधून तिनं चहूकडून कड केलेली. कडूबाई उठली. भिंतीला न धरता उठली, हे सत्यभामाबाईनं पुढं वर्षभर सांगितलं. तिनं समोरच्या खुंट्या एका हिसक्यात उपटल्या, जाळी खांद्यावर घेतली आणि चालत निघाली. हापशाच्या पलीकडं, धुळाजीच्या पाठीमागं जाऊन तिनं खुंटी रोवली, दगडानं ठोकली. दुसरी रोवली. गल्ली बंद झाली. ग्रामपंचायतीचा हापसा आत आला, राखोळीतल्याच बद्रीनाथ म्हाताऱ्याची सायकल आत आली, मुकादम त्रिंबकरावसुद्धा नेमके आत आले.

"कडूबाई, रस्ता हाय हा!" मुकादम म्हणाले.

"कळप वाढला की वाडा वाढवावा लागतोय. तुमी भाईर व्हा, तुमाला मी घेतलेलं न्हाई."

मग ती धुळाजीपुढं जाऊन उभी राहिली. "मामा, आलासा तुमी. वाड्यात हाईसा. बसा आता."

धुळाजीनं मागं वळून जाळीकडं पाहिलं. जाणत्या नजरेनं खुंट्या मोजल्या, दोरीचा ताण पाहिला. "ती कोपऱ्यातली सैल हाय," एवढं म्हणून तो सुग्रीवनं पुढं केलेल्या बाजेवर टेकला.

"उचलाय-बसवाय आमी हाव की," सुग्रीव म्हणाला. "मी आन बद्रीनाथ मिळून एक पुरा गडी हुतो."

बबिता पदर तोंडाला लावून रडत होती. बजरंग पुढं आला. त्यानं कडूबाईचे पाय धरले, मग उभा राहिला आणि विचारलं, "मावशी, अण्णाची राखोळी काय द्यायची? तुमी सांगाल ती."

कडूबाईनं हात लुगड्याला पुसले. ती जे बोलली ते जसंच्या तसं असं:

"राखोळी हंगाम झाल्यावर बोलू. गोळ्या तेवढ्या धाडत जा, त्या काय माज्याच्यानं व्हायच्या न्हाईत. आन फोन दुपारचा करीत जा, सकाळी मला येळ नसतोय. आता मला सांग, तुज्या बापाला च्या गुळाचा लागतोय का साखरंचा? च्या निवाय लागलाय."