ब्लॉगवरचे वडील

सोमवारी सकाळी संयुक्ताचे वडील इंजिनिअर झाले.

हेमावतीने मोबाइलवर नववी-बचा ब्लॉग उघडला आणि अंबत्तूरच्या बसमध्ये उभ्या उभ्या तिची कानशिलं तापली. नाव संयुक्ताचं, खाली मजकूर भलताच. ‘माझे बाबा इंजिनिअर आहेत. ते रोज सकाळी हसतमुखाने कामावर निघतात. रविवारी आम्ही मिळून रोपं लावतो.’ तिने पुढचा मुलगा उघडला. त्याचेही बाबा हसतमुख. त्याच्या पुढचेही. सबंध वर्गाचे बाप एका रात्रीत हसायला लागले होते, आणि सगळ्यांनी झाडं लावली होती.

तंजावरच्या मराठी घरातली ही बाई गेली वीस-बावीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवत होती आणि गाईडबुकांवर जळत होती. वर्षानुवर्षं तीच आजी, तीच सहल. शेवटी चिडून तिने ब्लॉग काढला. वर्गाने वाचायचं म्हटल्यावर तरी पोरांना चोरायची लाज वाटेल! त्यावर ती चुका काढत नसे. प्रत्येकाच्या लेखाखाली फक्त एक प्रश्न टाकायची. ‘माझे अप्पा फार कष्टाळू आहेत,’ असं संयुक्ताने लिहिलं, तेव्हा तिने विचारलं होतं, “अप्पा दिवसा झोपतात, तेव्हा घरात काय काय बंद असतं?”

त्या प्रश्नाने पोरगी उघडली. अप्पा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात रात्रपाळीला. ते यायच्या आत अम्मा चटणी वाटून घेते, मग मिक्सर बंद. कुकर शिट्टीला आला की गॅस बारीक. पाठांतर नुसत्या ओठांनी. ‘आमच्या घरात दिवस असतो, पण आवाज नसतो,’ असं तिने लिहिलं होतं. ते वाक्य हेमावतीने नवऱ्याला, रत्नाकरला, जेवता जेवता वाचून दाखवलं होतं.

ती तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली.

“हे कोणी केलं, सार?”

“एका एजन्सीला दिलं होतं,” रामस्वामी म्हणाले. “स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर तुमचा ब्लॉग उघडाच होता. अ‍ॅडमिशनचा सीझन आहे, मॅडम. पालक ब्लॉग बघतात. कोणाचा बाप कधी झोपतो, हे कोणाला वाचायचंय?”

“मग तुमच्या वडिलांवर लिहवून घ्या. पोरांचे कशाला बदलता?”

“आवाज खाली. रात्रीच सगळ्या पालकांना लिंक पाठवली, एकाचीही तक्रार नाही. संयुक्ताच्या वडिलांनी तर सकाळीच फोन करून आभार मानले. बोलावूच त्यांना.”

दुपारी संयुक्ताचे अप्पा, उदयसिंह, आले. डोळे लाल, झोप मोडून आलेले. संयुक्ता दाराशी उभी राहिली. हेमावती आपल्यासारखीच तंजावरकडची मराठी, म्हणून ते मराठीतच बोलले.

“राहू द्या की अक्का ते. बायकोच्या माहेरी सगळ्यांस पाठवलं मी. खूश झाले.”

“तुम्ही इंजिनिअर आहात?”

“तंजावराहून कोण बघायला येतंय इथं?”

“अप्पा, ते मी लिहिलेलं नाही,” संयुक्ता म्हणाली.

“नाव तुझंच आहे की!”

“तेच तर!”

“हिनं काय लिहिलं होतं, ते वाचलंत का?” हेमावतीने विचारलं. त्यांनी वाचलं नव्हतं. मूळ लेख तिच्याकडे होता. तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. ते सावकाश, बोट लावून वाचू लागले. मिक्सरपाशी बोट थांबलं.

“मला वाटायचं, आपलं घरच शांत आहे.” मग मान वर करून ते लेकीवर कडाडले, “आणि हे गावभर सांगायचं? तुझा बाप राक्षस आहे म्हणून?”

“तसं कुठं लिहिलंय, अप्पा?”

“दोन्ही काढा, अक्का,” रामस्वामींनाही कळावं म्हणून ते आता तमिळमध्ये म्हणाले. “तो इंजिनिअरही नको, हेही नको. घर माझं आहे.”

“बघा!” रामस्वामी खुर्चीत मागे रेलले.

हेमावतीला रामस्वामींपेक्षा आता या माणसाचा जास्त राग आला, कारण त्याचं अगदीच खोटं नव्हतं. तिने इंजिनिअर तिथल्या तिथे पुसला. मग मोबाइल संयुक्ताच्या हातात दिला.

“घर त्यांचं, लिहिलंस तू. ठेवायचं की नाही, तू सांग.”

पोरीने बापाकडे पाहिलं.

“ठेवा, मिस.”

उदयसिंह उठले आणि तिच्याकडे न बघता निघून गेले. ती त्यांच्यामागे दोन पावलं गेली, मग थांबली.

“घरात भांडणं लावलीत,” रामस्वामी म्हणाले. “शाळा सुटायच्या आत ब्लॉगचा पासवर्ड माझ्या टेबलावर पाहिजे. आणि पुढच्या टर्मला नववी तुमच्याकडे नाही.”

“देते की.”

स्टाफरूममध्ये बसून ती एकेक लेख जुन्या रूपात परत लावत गेली. डबा तसाच राहिला. राग उतरेल असं वाटत होतं. तो उलट वाढत गेला, कारण प्रत्येक हसऱ्या बाबाखालून खरा माणूस निघत होता. शाळा सुटताना तिने पासवर्ड नेऊन दिला. तोवर नववी-बचे सगळे बाप परतले होते. एक पीत होता, एक सिरुसेरीतल्या कंपनीच्या गेटवर पहारा करत होता, एक दोन वर्षांत घरी आलाच नव्हता. आणि झाड म्हणाल तर कोणीच लावलेलं नव्हतं.