सिमेंटशी वैर

नगरमधल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक गवंडी बसला होता. भेगाळलेले तळहात त्यानं मांडीवर उताणे ठेवले होते. माझं लहानपणापासूनचं इसब साबणानं चिडतं, असं मी त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "वल्लं सिमेंट बी समद्यांनाच चावतं. पर मला वीस वर्सांनी त्याची ॲलर्जी झाली. डाक्टर म्हनले, कातडीनं वैर धरलंय. आता जरा लागलं तरी हातावर फोड उठत्यात."

"मग रबरी हातमोजे घाला ना."

"त्यात भिंत कळत न्हाई, ताई."

त्याचा नंबर आला. आत जाताना सवयीनं त्यानं भिंतीवरून तळहात फिरवला आणि थबकला. "हितं भिंतीला पोट आलंय, फुगलीय जरा."

तो गेल्यावर मीही तिथं हात फिरवला. माझ्या मलम लावलेल्या हाताला भिंत सपाटच लागली.