बिनशिवणीची गोळी

माझ्या नाकावर राग असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांना सगळ्यात जास्त ठाऊक होतं, कारण तो सगळ्यात जास्त त्यांच्यावरच निघाला.

आई गेल्यावर बाबांना चिंचवडचं घर खायला उठलं, म्हणून मी त्यांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या आमच्या गावी आणलं. आणलं आणि कोंडलं, असंच म्हणायला हवं. मी आणि नवरा सकाळी कामावर, तान्ही मुलगी डेकेअरला, आणि सगळं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे घासलेला माणूस दिवसभर खिडकीत. कुठली बस कुठे जाते ते मी कागदावर लिहून दिलं होतं. ते एकदा गेले, विद्यापीठाला दोन फेऱ्या मारून परत आले आणि म्हणाले, "सगळी पोरंच आहेत गं."

मग त्यांना शेजारचा म्हातारा सापडला. त्याच्या आणि आमच्या घरात एकच ड्राइव्हवे. पलीकडच्या गॅरेजचं दार उघडं टाकून तो शिसं वितळवत बसायचा. त्याच्याकडे वडिलांची चकमकीची बंदूक होती. नाताळनंतर इथे तसल्या जुन्या बंदुकांनी हरणं मारायचा वेगळा हंगाम असतो, आणि तिच्या गोल गोळ्या तो घरीच ओतायचा. मला त्या माणसाशी हात हलवण्यापलीकडे कधी बोलायची गरज वाटली नव्हती.

"त्याच्या गोळीला शिवण पडते," बाबा एकदा जेवताना म्हणाले. "साचा नीट मिटत नाही. डॉवेल झिजलीत."

"बाबा, तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. त्याला करायचंय," ते म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

तो साचा मी नंतर पाहिला. अडकित्त्यासारखा असतो. दोन दांडे, आणि पात्यांच्या जागी लोखंडाचे दोन ठोकळे, दोघांत अर्धी अर्धी वाटी कोरलेली. ठोकळे एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून बारीक खुंट्या असतात, त्यांना बाबा डॉवेल म्हणायचे. त्या झिजल्या की फट राहते, फटीत शिसं शिरतं आणि गोळीच्या कंबरेभोवती रेघ उमटते. बाबांनी तीन दिवस घेतले. खुंट्या केसभर बाहेर ठोकायच्या, साचा मिटायचा, खिडकीसमोर धरून उजेड दिसतो का बघायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. बाबांचं इंग्रजी 'गुड' आणि 'नो गुड' एवढंच. म्हातारा ठोकायला लागला की बाबा 'हळू, हळू' म्हणायचे, आणि तो शब्द त्याने उचलला. वाटीला काजळी धरली की गोळी चिकटत नाही. म्हातारा त्यासाठी काड्या ओढायचा, ते बाबांना पटेना. माझ्या देवघरातलं निरांजन गायब झालं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. ते गॅरेजमध्ये निघालं.

त्या रात्री बाबांनी माझ्यासमोर एक गोळी धरली. तिच्यावर कुठेही रेघ नव्हती. आई गेल्यापासून त्यांचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. मी म्हणाले, "टेबलावर ठेवू नका ती."

खंडेनवमीला त्यांनी डायनिंग टेबलवर माझी सुरी, कात्री, नवऱ्याचा ड्रिल आणि माझा लॅपटॉप मांडला. लोखंडावर आधी तेलाचा हात फिरवला, मग कोरड्या कुंकवाची चिमूट. लॅपटॉपला नुसतीच चिमूट. न्यू जर्सीत आयसेलिनच्या देशी दुकानातून आणलेलं ते कुंकू कीबोर्डमध्ये गेलं म्हणून मी त्यांना बोलले. आता आठवतं तर लाज वाटते, पण बोलले.

नोव्हेंबरात मुलगी वर्षाची झाली, तेव्हा डॉक्टरकडे फॉर्म भरायचा होता. घरात कोणी शिशाचं काम करतं का, असा प्रश्न त्यात होता. मी पेन हातात धरून बसले आणि माझं डोकं फिरलं. घरी येऊन बाबांवर तुटून पडले. "ते लेड आहे, बाबा. बेबी आहे घरात, रांगते ती. तुम्ही ते विष हाताला लावून येता आणि तिला उचलता. हा तुमचा कारखाना नाहीये."

बाबा काहीतरी सांगायला लागले होते. "अगं, मी तिकडे..." एवढं मला स्पष्ट आठवतं. मी म्हणाले, "मला काही ऐकायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते गेले नाहीत. म्हातारा दोनदा दारात येऊन उभा राहिला, बाबांनी आतूनच हात हलवला. आठवड्याने मुलीचा रिपोर्ट आला, अगदी नॉर्मल. बाबांनी विचारलं, "पोरीचं काय आलं?" मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाले, "ठीक आहे." 'तुम्ही गॅरेजमध्ये जा परत', हे चार शब्द मला म्हणता आले असते. मला ते सुचले होते. कुठल्या तरी अडेलपणाने मी ते गिळले. उरलेले सगळे दिवस बाबा खिडकीत बसले, आणि जानेवारीत परत गेले.

मे महिन्यात ते झोपेतच गेले. मी चिंचवडला पोचले तेव्हा अस्थी सावडून झाल्या होत्या.

सप्टेंबरात म्हातारा कापडात गुंडाळलेला साचा घेऊन दारात आला. गोळ्या ओतून झाल्या की शेवटची गोळी काढायची नाही, तशीच आत ठेवून साचा मिटायचा, म्हणजे वाटीला हवा लागत नाही, असं त्याने मला समजावलं. "ही तुझ्या वडिलांनी ओतलेली आहे. मी उघडला नाही. माझे गुडघे गेले, आता मी शिकारीला जात नाही. तू ठेव. फक्त कोरडा ठेव."

खंडेनवमीला मी तो पाटावर मांडला. गंध उगाळलं, ओल्या बोटाने हळदीकुंकू लावलं, झेंडू ओला होता तसाच वाहिला. तेलाचा हात मात्र विसरले. दसऱ्याला हलवायला हवा होता तोही हलवला नाही, कारण पाटावर साचा होता तोवर बाबा घरात आहेत असं वाटत होतं. आठवड्याने उचलला तर फुलाखाली लाल गंज चढला होता आणि ठोकळे एकमेकांना धरून बसले होते. मी दांडे ओढून पाहिले, हलेनात. चार थेंब पाणी, पण बाबांच्या शेवटच्या कामावर तेवढं पुरलं. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले.

मग साचा घेऊन शेजारी गेले. त्या गॅरेजमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. म्हाताऱ्याने हळदीकडे पाहिलं. फटीत तेल सोडलं, साचा थोडा गरम केला आणि लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकायला लागला. ठोकताना तो पुटपुटत होता, "हळू, हळू."

मला बघवेना, म्हणून मान फिरवली. दाराशेजारी खिळ्याला बाबांचा तपकिरी अर्ध्या बाह्यांचा शर्ट लटकत होता, जो हरवला म्हणून मी त्यांच्यावर चिडले होते. खाली वर्तमानपत्रावर त्यांचे जुने बूट. बाहेरच्या नळाशी डबीत साबण.

म्हाताऱ्याने माझी नजर पाहिली. "पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "आल्यावर शर्ट बदलायचे, बूट बदलायचे. जाताना नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, थंडी पडली तरी. मी विचारलं का, तर त्यांनी हात असा गुडघ्याच्या खाली धरला आणि रांगून दाखवलं. मला कळलं, घरात बाळ आहे."

 डॉक्टरकडून आले त्या दिवशी ते हेच सांगत होते, आणि मी ऐकलं नव्हतं.

साचा उघडला. ठोकळ्यांच्या कडा खरवडल्यासारख्या झाल्या होत्या, पण गोळीमागची वाटी तशीच काळीभोर होती. गोळी म्हाताऱ्याने माझ्या तळहातावर ठेवली. मी ती उजेडात फिरवली, रेघ नव्हती. मग मी ती परत वाटीत बसवली, साचा मिटला आणि त्याला म्हणाले, हा इथेच राहू दे.

"शर्ट नेतेस?" त्याने विचारलं.

मी खिळ्याकडे गेले. तो शर्ट एकदा तोंडावर धरावा, एवढंच मला हवं होतं. हात पुढे केला आणि मागे घेतला. बाबांनी जो माझ्या मुलीसाठी घराबाहेर ठेवला, तो मी घरात नेऊ शकत नव्हते. मी नळावर गेले आणि त्यांच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.