पेपरात आलेली चूल

लग्न होऊन करडीला आले तेव्हा सकाळचा चहा आणि दुपारचा पेपर ही कामं माझ्याकडे आली. चहा सगळ्यांसाठी, पेपर फक्त सासऱ्यांसाठी. त्यांना वाचता येत होतं, पण खोटंच वाचायचं तर चष्मा कशाला शोधायचा, असं त्यांचं म्हणणं. मी बातमी वाचायची आणि त्यांनी ती निकालात काढायची. माणूस चंद्रावर गेला हे त्यांनी तोवर मान्य केलं नव्हतं. रेडिओवर धानाच्या नव्या बियाण्याची तारीफ सुरू झाली, की स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाकडे पाहावं तसं ते रेडिओकडे पाहत. म्हणत, पोरगी चांगली आहे म्हणते, पन दाखवत नाही.

सासूबाईंना पेपराशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा अविश्वास वस्तूंवर. मी माहेराहून आणलेला कुकर त्यांनी फळीवर ठेवून दिला होता, कारण आत काय चाललंय ते दिसत नाही.

ऐंशीच्या दशकात गावात निर्धूर चुलीची योजना आली. ग्रामसेविका घरोघर फिरायची. सालस पोरगी होती, पण वरच्या साहेबांचा चुली बांधून दाखवण्याचा तगादा, आणि गावातल्या बाया आपल्या चुलीपुढून हलायला तयार नाहीत. आमच्याकडे ती इतक्या वेळा आली, की शेवटी सासूबाईंना तिचीच दया आली. तिचीबी नोकरी आहे, बांधू दे, असं त्या मला म्हणाल्या.

मिस्त्री आला. जुनी चूल राहू देऊन त्यानं कोपऱ्यात नवी बांधली. पुढच्या तोंडावर भात, मागच्यावर वरण, आणि धूर पाइपातून छपराच्या कवेलूंच्या वर, असा बेत. पहिल्याच दिवशी कळलं, की आमचा भात शिजवायचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, पुढच्या तोंडावर नीट बसत नाही आणि फटीतून धूर येतो. मागचं वरण दुपारपर्यंत कोमटच. पाइप कवेलूंच्या जेमतेम वर निघालेला, त्यामुळे वारा सुटला की बाहेर गेलेला धूर पाहुण्यासारखा परत घरात. सासूबाईंनी काही दिवस प्रामाणिकपणे डोळे चोळले आणि जुन्या चुलीकडे परतल्या. नव्या चुलीच्या मागच्या तोंडात कोंबडी अंडी घालू लागली.

अशात एक दिवस ग्रामसेविका वार्ताहराला घेऊन आली. कोंबडीला उठवलं, चूल सारवली, सासूबाईंनी लुगडं बदललं. फोटोसाठी चूल पेटवू का, असं मी विचारलं. वार्ताहर म्हणाला, नको, धुरात फोटो नीट येणार नाही. कोणी हसलं नाही. मग त्यानं सासूबाईंना काही प्रश्न विचारले आणि त्या प्रत्येक प्रश्नाला मान हलवत गेल्या, कारण त्याच्या पाठीमागे ती पोरगी हात जोडल्यासारखी उभी होती.

बातमी आली ती मीच वाचली. या चुलीनं माझ्या डोळ्यांतलं पाणी कायमचं थांबलं, मी शासनाची ऋणी आहे, असं सासूबाईंनी सांगितल्याचं छापलं होतं.

तांदूळ निवडता निवडता त्यांचा हात थांबला. "मी असं कवा म्हटली?" त्यांनी मला विचारलं. मग म्हणाल्या, "ऋणी म्हंजे काय?"

सासऱ्यांनी मात्र ही बातमी निकालात काढली नाही. त्यांनी मला बातमी पुन्हा वाचायला लावली. मग चष्मा शोधला आणि स्वतः वाचली. संध्याकाळी कात्रण कणकेच्या लईनं बैठकीतल्या भिंतीवर चिकटलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते चुलीचे फायदे सांगू लागले. आतून जुन्या चुलीचा धूर येई, तेव्हा खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसत सांगत.

एकदा सासूबाईंना राहवलं नाही. "चंद्रावरचा मानूस तुमाले खोटा वाटते, अन् हे खरं वाटते?"

"चंद्र का आपल्या घरातला आहे?" सासरे म्हणाले. "हे आपल्या घरचं आहे."

काही दिवसांनी बाजारात निरोप मिळाला. बातमी वाचून दिघोरीच्या माझ्या नणंदेनं जुनी चूल फोडली आणि तशीच नवी बांधून घेतली. ऐकून सासूबाईंचा चेहरा उतरला. आपल्या तोंडच्या खोट्यापायी लेकीनं चालती चूल फोडली, हे त्यांच्या मनातून जाईना. माफी मागायला म्हणून त्या निघाल्या, सोबत मला घेतलं. भंडाऱ्याला एसटी बदलून आम्ही दिघोरीला पोहोचलो.

नणंद नव्या चुलीपुढेच बसली होती. पुढे भात रटरटत होता, मागे वरणाला उकळी आलेली. भिंती स्वच्छ, डोळे कोरडे. तिथल्या मिस्त्रीनं आधी घरातली भांडी मागून घेऊन तोंडं त्यांच्या मापाची ठेवली होती आणि पाइप आढ्याच्याही वर नेला होता.

"बरं झालं माय, तुया फोटो पाहून मी हट्ट धरली," नणंद म्हणाली.

सासूबाई माफीचं विसरल्या. खाली बसून पाइपाकडे पाहत राहिल्या. जेवतानाही त्यांची नजर वरच. "धूर कुठीतरी जमा होत असन," असं त्या मला हळूच म्हणाल्या. नणंदेनं ऐकलं. तिनं हात धरून त्यांना अंगणात नेलं आणि आढ्यावरून सरळ वर जाणारा धूर दाखवला. त्या बराच वेळ पाहत होत्या. आनंद झाला की फसवणूक झाल्यासारखं वाटलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला तेव्हाही कळलं नाही.

घरी येऊन मी सासऱ्यांना सगळं सांगितलं.

"दिघोरीची चूल पेपरात आली का?" त्यांनी विचारलं.

नाही, म्हटलं.

"मंग कायची चालते," असं म्हणून ते कूस बदलून झोपले.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला कवेलूंवर चढवून पाइपाला जोड लावून घेतला, आणि पुढचं तोंड गंजाच्या मापाचं स्वतःच लिंपलं. वारा पडलेला असला की चूल बरी चालायची. अशा दिवशी त्या तिच्यावरच रांधायच्या. पण शेजारणीनं विचारलं, की म्हणायच्या, बाई, काही खरं नाही तिचं, तू आपली चूल फोडू नको.