जड क्लच
तापलेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा वास आला की लोहाऱ्यातल्या घराच्या अंगणातली आमची पांढरी अ‍ॅम्बॅसॅडर आठवते. आई गेल्यावर वडिलांनी एकच हट्ट धरला होता, की दरवर्षी आईला न्यायचे तसंच, त्याच गाडीनं, स्वतः चालवत, एकदा नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं. मी कामाला लागले. रेडिएटर, ब्रेक, क्लच प्लेट सगळं झालं, चारही टायर नवे घेतले, जादाचा फॅनबेल्ट आणि पाण्याचा कॅन डिकीत गेला. निघायच्या आदल्या दिवशी मेकॅनिकनं बोनेट लावलं आणि म्हणाला, "गुरुजी, नवरीवानी सजलीय. मारा एक चक्कर." वडील नेहमीसारखे चपला बाहेर काढून स्टिअरिंगमागं बसले. इंजिन लगेच सुरू झालं, पण गिअर पडेना. मी वाकून पाहिलं, तर क्लचवरचा त्यांचा पाय थरथरत होता आणि पेडल अर्ध्यावरच थांबत होतं. "क्लच लई जड केलास रे," ते म्हणाले. मेकॅनिकनं आधी माझ्याकडं पाहिलं. "व्हय गुरुजी, प्लेट नवी हाय. दोन दिसांत सैल हुईल." निघणं पुढं ढकललं. दोन दिवसांनी वडिलांनी दोन्ही पायांनी पेडल दाबून पाहिलं, मग इंजिन बंद केलं. मी म्हटलं, "आबा, मी चालवते. तुम्ही शेजारी बसा." "तिथं तुझी आई बसायची," एवढंच बोलून ते चपला घालून घरात गेले. आता वडीलही नाहीत. गाडी अंगणातच आहे, आणि तिच्या टायरांवरचे नव्या रबराचे बारीक केस अजून झिजलेले नाहीत.