नातेवाइकांनी आभार मानले

सात वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, अकोल्यातल्या एका खासगी प्रसूतिगृहात माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. वजन चार किलो तीनशे ग्रॅम. डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकला. मूल ओढून काढण्यात आलं. त्यानंतर मुलीचा उजवा हात हलला नाही.

बहीण अमरावतीला राहते. तिचे यजमान तिथे शाळेत शिक्षक आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून ती सातव्या महिन्यात अकोल्याला, जुन्या शहरातल्या आमच्या घरी आली होती. दवाखाना आम्ही निवडला. तो घरापासून चालत दहा मिनिटांवर होता आणि आमच्या आळीतली बरीच बाळंतपणं तिथेच झाली होती. गरोदरपणात बहिणीची साखर वाढलेली होती. शेवटच्या सोनोग्राफीच्या कागदावर बाळाचं वजन जास्त असल्याची नोंद आहे. सिझेरियनचा विषय डॉक्टरांनी काढला नाही. आम्हीही विचारलं नाही. ‘नॉर्मल होईल’ एवढं ऐकून आई निश्चिंत झाली होती.

मी तेव्हा एका दैनिकाच्या अकोला आवृत्तीत वार्ताहर होते. शहरातल्या दवाखान्यांच्या बातम्या माझ्याकडे असत. अवघड शस्त्रक्रिया, दुर्मीळ आजार, जुळी-तिळी. डॉक्टरांनी माहिती द्यायची, आम्ही आठ-दहा ओळी करायच्या, सोबत एक फोटो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि प्रसूती कशी झाली ते सांगितलं. खांदा अडकला होता, अशा वेळी हाताशी तीन-चार मिनिटंच असतात, आपण तो सोडवून घेतला. मी ते वहीत लिहून घेतलं. हाताचं विचारलं, तेव्हा ते म्हणाले की ताण आला आहे, पंधरा दिवसांत उचलेल. तेही वहीत लिहिलं, पण बातमीत घेतलं नाही.

बातमी रविवारी आली. ‘गुंतागुंतीची प्रसूती यशस्वी.’ नऊ ओळी होत्या. फोटोत डॉक्टर, दोन नर्स आणि माझी बहीण. बाळ मानेपर्यंत दुपट्यात गुंडाळलेलं. अशा बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, ते मी लिहिलं: ‘नातेवाइकांनी डॉक्टरांचे आभार मानले.’ वडिलांनी कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

पंधरा दिवसांनी हात उचलला नाही. दीड महिन्यानं दाखवलं, तेव्हा त्याच डॉक्टरांनी मालिश आणि व्यायाम सांगितला. तिसऱ्या महिन्यात बहीण अमरावतीला परत गेली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलीला टेबलावर ठेवून दोन्ही हात एकदम उचलून सोडले. डावा हवेत राहिला, उजवा पडला. त्यांनी त्याच दिवशी नागपूरला जायला सांगितलं. नागपूरला कळलं की मानेतून हाताकडे येणाऱ्या नसांपैकी दोन तुटल्या आहेत. पहिल्याच महिन्यात आणायला हवं होतं, असं तिथल्या शल्यचिकित्सकांनी सांगितलं आणि कागदावरही लिहून दिलं. आठव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. कोपर वाकू लागलं. खांदा होता तसाच राहिला. आणखी एक शस्त्रक्रिया आणि मुलीची वाढ थांबेपर्यंत उपचार, असं त्यांनी पुढचं चित्र मांडलं.

बहिणीच्या सासूबाई अचलपूरकडच्या शेतकरी घरातल्या. बोलायला फटकळ. माझी आई मुलीला बघायला अमरावतीला गेली, तेव्हा त्यांनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, “तुमचंच म्हननं होतं ना, पयलं बाळंतपण मायेरीच होते म्हनून. झालं. आता लेकराचा हात कोन्या घरून आनावा आमी?”

आई कप तसाच ठेवून बसनं परत आली. त्यानंतर तक्रार करायची हे ठरलं. मुदत दोन वर्षांची असते. मुलगी वीस महिन्यांची असताना बहिणीनं अमरावतीच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. तिची मागणी एका वाक्यात सांगता येण्यासारखी होती. ज्यांच्या हातून हे झालं, त्यांनी मुलीच्या हाताच्या उपचाराची जबाबदारी घ्यावी.

दवाखान्याचा लेखी जबाब आला. प्रसूती सामान्य होती, कोणतीही गुंतागुंत झाली नाही, अशी इजा गर्भातही होऊ शकते, असं त्यात होतं. सोबत केसपेपरच्या प्रती होत्या. त्यांत खांदा अडकल्याची नोंद नव्हती. मग तज्ज्ञांचं मत मागवण्यात आलं. ते यायला चौदा महिने लागले. त्यात लिहिलं होतं की खांदा अडकल्यास अशी इजा होऊ शकते, परंतु खांदा अडकला होता किंवा नाही हे उपलब्ध कागदांवरून सांगता येत नाही.

या काळात मी बऱ्याच तारखांना गेले. अकोल्याहून सकाळची बस, मूर्तिजापूरला दहा मिनिटं, साडेदहाला अमरावती. बहीण मुलीला घेऊन येई. व्हरांड्यात एकच बाक होता. त्यावर बहुतेक वेळा एक गृहस्थ आधीच बसलेले असत, बिघडलेल्या फ्रिजची तक्रार घेऊन आलेले. दर तारखेला दिसल्यामुळे ओळख झाली.

“चवथं वरीस हाय माह्या फ्रिजचं,” ते एकदा म्हणाले. “आता तं तो भंगारवाला बी घेत नाही. पन मी सोडून नाही राहिलो. तुमचं काय हाय बाई?”

“हात,” बहीण म्हणाली.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती डाव्या हातानं बिस्किटाचा पुडा फोडत होती. ते बाकावरून उठले आणि म्हणाले, “बसा तुमी.” पुढच्या तारखांनाही ते आम्हाला बघितलं की उठायचे. त्यांचा निकाल आमच्या आधी लागला. काय लागला ते कळलं नाही.

तज्ज्ञांच्या मतानंतर दुसऱ्या बाजूनं आणखी एक कागद दाखल केला. आमच्या वकिलांनी फोन करून मला बहिणीशिवाय यायला सांगितलं. ते पन्नाशीचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी टेबलावर एक झेरॉक्स ठेवली आणि बोट शेवटच्या ओळीखाली ठेवलं. कात्रण होतं. सोबतच्या अर्जात म्हटलं होतं की तक्रारदाराची सख्खी बहीण पत्रकार असून, प्रसूती यशस्वी झाल्याचं आणि कुटुंबानं आभार मानल्याचं तिनं स्वतःच प्रसिद्ध केलं आहे. तक्रार ही मागाहून सुचलेली आहे.

“हे तुमचंच?”

“माझंच.”

“मग मला आधी कावून नाही सांगितलं?”

आठवलं नव्हतं, असं मी सांगितलं. ते खरं होतं. त्या वर्षी मी तशा कितीतरी बातम्या केल्या होत्या.

त्यांनी चष्मा काढून पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि चौथ्या ओळीवर थांबले. तिथे होतं: ‘बाळाचा खांदा अडकल्याने परिस्थिती नाजूक बनली होती, असे डॉक्टरांनी सांगितले.’ त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग जबाबाचा कागद काढून शेजारी ठेवला. कोणतीही गुंतागुंत झाली नाही, असं सांगणाऱ्या बाजूनंच हे कात्रण दाखल केलं होतं. शेवटच्या ओळीच्या नादात त्यांनी चौथी वाचली नसावी, असं वकील म्हणाले. पण नुसत्या कात्रणाला पुरावा म्हणून फारसं वजन नसतं. ज्यानं बातमी लिहिली त्यानं शपथेवर सांगावं लागतं की हे डॉक्टरांनी मला समोर बसून सांगितलं. आणि ते सांगायचं तर शेवटच्या ओळीचंही सांगावं लागेल.

मी वही शोधली. घरात नव्हती. वडिलांनी घर रंगवताना जुन्या वह्या रद्दीत दिल्या होत्या. कात्रण मात्र कपाटाच्या दाराला होतं. वडिलांनी ते पाण्यानं ओलं करून काढायचा प्रयत्न केलेला दिसत होता. अर्धा फोटो निघाला होता, मजकूर निघाला नव्हता.

आवृत्तीप्रमुखांना सांगणं भाग होतं. आपल्या पानावर छापलेलं एक वाक्य खरं नव्हतं असं वार्ताहर शपथेवर लिहून देणार, हे त्यांना पटलं नाही. ते ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की उद्या पोलिसांच्या, पुढाऱ्यांच्या बातम्यांवर कुणी हेच कागद घेऊन आलं तर काय करायचं. मग म्हणाले की लिहायचं ते स्वतःच्या नावानं लिहा, वृत्तपत्राचं नाव कमीत कमी वेळा येऊ द्या. पुढच्या महिन्यापासून दवाखान्यांच्या बातम्या दुसऱ्याकडे गेल्या आणि मला पुरवणीचं काम मिळालं.

शपथपत्र बहिणीनं वकिलांच्या घरी वाचलं. तोवर तिनं कात्रण नीट पाहिलेलं नव्हतं. बाळंतिणीला कुणी वर्तमानपत्र वाचून दाखवत नाही. तिनं मजकूर संपवला आणि मला विचारलं, “ताई, मी कवा मानले आभार?”

“नाही मानलेस.”

“बाबांनी?”

“नाही. कुणीच नाही.”

“मग तू कावून लिहिलं?”

तसं लिहायची पद्धत आहे, असं मी सांगितलं. तिनं कागद घडी न करता परत दिला. त्या दिवशी तिनं मला बसस्टँडवर सोडलं, पण जेवायला थांब म्हणाली नाही.

दुसऱ्या बाजूची प्रश्नावली आली. तोंडी उलटतपासणीऐवजी लेखी प्रश्न देतात आणि लेखी उत्तरं घेतात. बावीस प्रश्न होते. बहुतेक वहीबद्दल होते. वही कुठे आहे, कुणी दिली, कधी दिली, तिची पावती आहे काय. सतरावा असा होता: ‘आपल्याच बातमीतील सोयीचे वाक्य खरे आणि गैरसोयीचे वाक्य खोटे, असे आपले म्हणणे आहे काय?’

त्याचं उत्तर मी चार वेळा लिहिलं. दाखल केलेलं असं: ‘चौथ्या ओळीतील मजकूर डॉक्टरांनी सांगितला व तो त्यांच्या नावे छापला आहे. डॉक्टरांनी त्या वेळी किंवा त्यानंतर खुलासा पाठवला नाही. शेवटचे वाक्य कोणी सांगितले नव्हते. ते मी लिहिले.’

वकिलांनी वाचून ‘चालेल’ म्हटलं. बाहेर आयोगाच्या व्हरांड्यात बहिणीच्या सासूबाई नातीला घेऊन बसल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच आल्या होत्या. सुनेनं घरी सगळं सांगितलेलं असणार. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काय पेपरवाल्या बाई, लिवलं का खरं?”

मी हो म्हटलं.

“लिवलं तं लिवलं. बस आता. कवाची उभी हायेस.” आणि त्या बाकावर सरकल्या.

युक्तिवाद सहा तारखांत झाला. मधल्या काळात मुलगी पहिलीत गेली. ती डाव्या हातानं लिहिते. माझे वडील रोजची पूजा झाली की सगळ्यांना तीर्थ देतात. सुटीत अकोल्याला आली की ती रांगेत उभी राहते आणि डाव्या हातानं उजवं कोपर वर धरून तळहात पुढे करते. वडिलांनी एकदा सांगून पाहिलं की डावा केला तरी चालेल, देवाला चालतं. तिनं ऐकलं नाही. आता ते पळी थोडी खाली आणतात.

निकाल गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर आला. तक्रार अंशतः मंजूर झाली. आदेशाच्या अकराव्या पानावर कात्रणाचा उल्लेख आहे. ते विरुद्ध पक्षानेच दाखल केलेले असल्याने त्यातील मजकूर त्यांना नाकारता येणार नाही, खांदा अडकल्याची नोंद केसपेपरमध्ये न करणे आणि बाळाला वेळेत तज्ज्ञांकडे न पाठवणे ही सेवेतील त्रुटी ठरते, असं त्यात म्हटलं आहे. आभाराच्या वाक्यावर आदेशात काही नाही. मागितली होती त्यापेक्षा कमी रक्कम मंजूर झाली. दुसरी शस्त्रक्रिया आणि पुढचे उपचार त्यात होतील असा वकिलांचा अंदाज आहे.

बहिणीनं आदेशाची प्रत दोन्ही घरी दाखवली. फोनवर मला म्हणाली की नागपूरच्या डॉक्टरांना विचारते, उन्हाळ्याच्या सुटीत करता येईल का. डॉक्टरांनी आधी पैशांचे कागद पूर्ण होऊ द्या असं सांगितलं.

मुदत संपायच्या चार दिवस आधी दवाखान्यानं अपील केलं. ते नागपूरला राज्य आयोगाच्या खंडपीठापुढे आहे. आदेशाच्या अंमलबजावणीला तूर्त स्थगिती आहे. उन्हाळ्याची सुटी होऊन गेली.

मागच्या आठवड्यात तारीख होती. बहीण आणि तिचे यजमान पहाटेच्या गाडीनं गेले. पुकारा दुपारी सव्वातीनला झाला. दुसऱ्या बाजूच्या वकिलांनी मुदत मागितली. ती मिळाली.