गप्प असणाऱ्याचं मत

देवाजीभाऊंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो शाळेच्या ऑफिसातल्या फोनवर. गोंडपिपरीच्या शाळेत मी तेव्हा कॉम्प्युटर शिकवत होते. शिपाई बोलवायला आला तेव्हा वाटलं, घरून काही वाईट बातमी असणार. तास सोडून धावतच गेले. पलीकडून एक अनोळखी, घोगरा आवाज म्हणाला, "बाई, मी ऊर्जानगरहून देवाजी बोलून राह्यलो. तीन दिवस झाले. तुमी गप्प काऊन बसल्या?"

मी कशावर गप्प बसले होते ते आठवायलाच मला वेळ लागला. आम्ही सात जण मिळून एक प्रोग्रॅम बनवत होतो. मराठी टाइप करायचं, आणि चुकलेल्या शब्दाखाली त्यानं लाल रेघ मारायची. तो खुला होता, म्हणजे त्याच्या आतली सगळी मांडणी कोणीही वाचावी, बदलावी, हवी तर स्वतःची प्रत करून घ्यावी. कोणाला पगार नव्हता, कोणी साहेब नव्हता. बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती; सगळं काम मेलवरच्या पत्रांतून चाले. असल्या कामात कोणता बदल ठेवायचा आणि कोणता नाही, हे ठरवणार कोण? आमचा नियम असा, की बदल सगळ्यांपुढे ठेवायचा आणि तीन दिवस थांबायचं. कोणी कारण देऊन विरोध केला तर बदल अडला. कोणीच बोललं नाही तर मंजूर.

इतर ठिकाणीही अशीच रीत आहे म्हणतात. पण देवाजीभाऊंनी तिला स्वतःचं एक शेपूट जोडलं होतं. तीन दिवस संपले की ते न बोललेल्यांना शोधत निघायचे. फोन असला तर फोन, नाहीतर पोस्टकार्ड. "गप्प म्हंजे हो नाई," ते म्हणायचे. "गप्प म्हंजे फक्त गप्प."

ते वीजकेंद्रात कंट्रोल रूमला होते. पुढे मी त्यांना क्वार्टरवर भेटले, तेव्हा उंच, काटकुळा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला माणूस दारात उभा होता आणि बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यापलीकडे बघत होता. आधी मला ते विचित्र वाटलं. नंतर कळलं, आयुष्यभर भिंतीवरची मीटरं वाचायची ती सवय. "जो काटा हालत नाई, त्याच्याकडं आंधी पाहाचं. हालणारा तं आपलं आपण सांगते." मूळ घर चामोर्शीकडच्या एका गावात, मासेमारीचं. तिथं तलावाला जाळं कधी लावायचं हे गाव बसून ठरवी. बैठकीला एखादा आला नाही तर त्याच्या घरी माणूस जाई, आणि तो 'हो' म्हणेपर्यंत जाळं पाण्यात पडत नसे.

प्रोग्रॅमची किल्ली देवाजीभाऊंकडे होती. किल्ली म्हणजे पासवर्ड. मुख्य प्रतीत बदल घालायचा तर तो लागे. पण किल्ली हाती आल्यापासून त्यांनी कशालाही स्वतः विरोध केला नव्हता. "ज्याच्या हाती किल्ली, त्यानं नाई म्हनू नये. त्याची नाई लय भारी पडते."

मग तो ठराव आला. पुण्याचा श्रीधर आमच्यातला सगळ्यात हुशार. निम्मं काम त्याचंच. एक मोठं कार्यालय आमचा प्रोग्रॅम वापरायला तयार झालं होतं, पण त्यांना फक्त प्रमाण शब्द हवे होते. मले, तुले, काऊन, कुठी, आणि आम्ही जमवलेले झाडीतले, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या बोलीचे, सगळे शब्द काढून टाकायचे. कोणी ते लिहिले तर लाल रेघ. श्रीधरचं म्हणणं वावगं नव्हतं. हजारो लोकांच्या हातात आपलं काम जाईल, असं त्यानं लिहिलं. चौघांनी 'हो' म्हटलं. त्या चौघांत मीही होते, हे सांगायला आज लाज वाटते.

राहिल्या सुमनबाई. झाडीचे बहुतेक शब्द त्यांनीच पाठवलेले. चामोर्शीपलीकडच्या खेड्यात त्या अंगणवाडी चालवायच्या, आणि बाजाराच्या दिवशी चामोर्शीच्या कॉम्प्युटर सेंटरवर बसून माशांची, जाळ्यांची, भाताच्या वाणांची नावं पाठवायच्या. पत्राला कधी विषय नसे. आमच्यापैकी कोणी त्यांना पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या घरी फोन नव्हता.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, शाळेच्या रिकाम्या लॅबमध्ये मी मेल उघडला आणि सुमनबाईंचं पत्र दिसलं. एकच ओळ. 'माझा विरोध हाये. कारण मंग सांगीन.'

ठराव अडला. विरोध आधी नोंदवला तर कारण द्यायला नियमाप्रमाणे पंधरा दिवस मिळत. दहा गेले तरी कारण आलं नाही. अकराव्या दिवशी देवाजीभाऊंचा फोन आला. "बाई, जाऊन इचारून येऊ."

मे महिना होता. बसनं चामोर्शी, तिथून जीप, आणि शेवटचा तुकडा पायी. सागाची पानं गळून गेलेली, सगळं रान उघडं आणि पांढरं. एक पाखरू बोलत नव्हतं. तलावाचं पाणी मधोमध थाळीएवढं उरलेलं, भोवती भेगाळलेला चिखल. गावात माणूस दिसेना. एका घराच्या सावलीत एक म्हातारी जाळं विणत बसली होती. देवाजीभाऊंनी सुमनबाईंचं घर विचारलं.

"हेच," ती म्हणाली. "कोन तुमी?"

"सुमनबाईच्या कामातले हाओ, माय. भेटाले आलो."

म्हातारीचे हात थांबले. "उशीर केला जी तुमी. पौषातच गेली ते."

दाराच्या आत भिंतीवर फोटो होता, हार वाळलेला. तापानं गेल्या होत्या. चार महिने झाले होते. देवाजीभाऊंच्या खिशात त्या पत्राची छापील प्रत होती. ती अर्धी बाहेर आलेली, त्यांनी बोटांनी आत दाबली.

"चिठ्ठी होय का?" म्हातारीनं विचारलं. "कोनाची?"

"कामाची हाये."

मग ती बोलत राहिली. सून कशी तापली, बैलगाडीनं कशी नेली, वाटेत पाणी कसं मागितलं. आम्ही ऐकत राहिलो. सुमनबाईंना विचारायचं होतं ते आता विचारण्यासारखं नव्हतं. म्हातारीच्या लेखी सून बाजाराला जायची, एवढंच. आमची नावंही त्या घरात कधी पोचली नव्हती.

परत चामोर्शीला आल्यावर सेंटरवाल्याला गाठलं. तो सहज म्हणाला, "मशीन हिवाळ्यापासून बंदच होती जी. लाइनच नव्हती. आता पंधरवड्याआधी चालू केली. त्या बाईचं पत्र आत अडकून असंल, लाइन भेटली तं गेलं."

माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन चहा घेतला. देवाजीभाऊंनी कप हातातच धरला होता.

"बाई, समजा पत्र पौषाच्या आंधीचं हाये."

"असणारच."

"मंग तवा ठराव कोनता होता?"

मी आठवून पाहिलं. दिवाळीनंतर आमच्याकडे एकही ठराव आला नव्हता. श्रीधरच्या ठरावापर्यंत कोणी काही मांडलंच नव्हतं. पुढे मी सगळी जुनी पत्रं पुन्हा पुन्हा तपासली. त्या काळात विरोध करावा असं काहीही आमच्यापुढे नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "भाऊ, त्या गेल्या हे कशाला सांगायचं? विरोध आलाय. कारण आपण लिहू त्यांच्या नावानं. कोणाला काय कळणार?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "मेलेल्या मानसाचं नाव घेऊन जित्याइले अडवाचं नाई. ते तिले बी बरं दिसनार नाई." हे ते असं म्हणाले, की मी मागच्या सीटकडे वळून पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पत्र लिहिलं. सुमनबाई पौषात वारल्या. त्यांचं पत्र मशीनमध्ये अडकलेलं होतं असं सेंटरवाला सांगतो. त्या काळात ठराव नव्हता. तरी त्यांचा विरोध मोजू नये. मग लिहिलं, 'किल्ली आजपासून गोंडपिपरीच्या बाईंकडे. आता मी साधा सभासद म्हणून विरोध करतो. कारण देतो. सुमनबाईच्या सासूनं आम्हाला तिच्या मरणाची हकीगत सांगितली. ती जशीच्या तशी इथं टाइप केली, तर अर्ध्याहून जास्त शब्दांखाली लाल रेघ येईल. त्या माउलीनं काही चुकीचं सांगितलं असं मला वाटत नाही.'

खाली त्यांनी ती हकीगत लिहिली होती. मी माझा 'हो' मागे घेतला.

श्रीधरनं तीन दिवसांनी उत्तर दिलं. भांडला नाही. 'कारण खरं आहे,' त्यानं लिहिलं, 'पण माझंही काम खोटं नाही.' त्यानं आपली प्रत वेगळी केली. खुल्या कामात तो हक्क सगळ्यांनाच असतो. दोघं त्याच्याबरोबर गेले. मोठ्या कार्यालयानं त्याची प्रत घेतली. आमची आमच्याकडच्या चार शाळांत चालत राहिली, झाडीच्या शब्दांसकट.

त्यानंतर देवाजीभाऊंनी आमच्या मेलवर एक अक्षर लिहिलं नाही. निवृत्त होऊन गावी गेले. मी अडले की फोन करी, ते हसून म्हणत, "किल्ली तुमच्याकडं हाये, मले काऊन इचारता?" चार वर्षांनी, सकाळी तलावाच्या बांधावर फिरताना ते कोसळले आणि गेले.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीनं विचारलं, "तुमी कामावरच्या का जी?" मी त्यांना सगळं सांगितलं; प्रोग्रॅम, ठराव, मेलवरची माणसं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग कपाळावरचा पदर सारून म्हणाल्या, "म्हंजे हे त्या मशीनीपुढं बसून ज्याइच्याशी बोलत, ते तुमीच होय. आमाले वाटे, ह्याइले बाहेरचं लागलं. हा श्रीधर, हे गोंडपिपरीच्या बाई. नाव घेऊन घेऊन बोलत."

आम्ही दोघी जराशा हसलो.

"अन् सुमन कोन?" त्यांनी विचारलं.

"होत्या आमच्यात," मी म्हणाले.

"तिच्याशीच लय. त्या दिवशी बांधावर जाच्या आंधी बी बसले होते."

"काय बोलत?"

"बोलत कुठी?" त्या म्हणाल्या. "एकडाव इचारत, अन् मंग गप्प बसून आयकत राहात."